फेटकुक कुठल्या बाजूला फिरतो

नामिबियात, आमच्या विंडहुकच्या खगोल संस्थेत तांगेनी पहिल्या खोलीत बसायचा आणि त्याची बायको हिल्या दुसऱ्या. दोघांकडे माहिती एकच: कृष्णविवराभोवतीच्या तप्त वायूची, पृथ्वीवरच्या आठ दुर्बिणींनी टिपलेली. आठ दुर्बिणी म्हणजे गोणपाटाएवढ्या चित्रातले आठ टाके. बाकीचं कापड प्रोग्राम अंदाजाने विणतो. वायू फिरताना दिसेल अशी फिल्म दोघांनी वेगवेगळी करायची. नक्कल होऊ नये म्हणून सात आठवडे कामाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, घरीसुद्धा. खोल्यांच्या किल्ल्या माझ्याकडे, म्हणजे स्वयंपाकघरातल्या साइमाकडे. शास्त्रज्ञांचा शास्त्रज्ञांवर विश्वास नव्हता.

दोघं इतकी प्रामाणिक, की जेवतानाही गप्प. काम वगळलं तर त्यांच्याकडे बोलायला उरतं काय? भांडण झालं समजून तांगेनीची आई गावाहून समेटाची कोंबडी घेऊन आली.

शेवटी खोल्या उघडल्या. त्याचा वायू उजवीकडे फिरत होता, हिचा डावीकडे.

"शुक्रवारी मंत्री येताहेत," प्रमुख प्रोफेसर कावारी म्हणाले. "सरासरी काढा."

सरासरी काढली. वायू जागच्या जागी थांबला.

"वा! मंत्र्यांना स्थैर्य आवडतं."

हिल्याने माझ्या ताटातला फेटकुक उचलला. पिठाचा तळलेला गोळा तो; त्याला ना भोक, ना फिरणं. त्याचा फोटो काढून तिने त्यातले तसेच आठ ठिपके दोन्ही प्रोग्रामना भरवले. दोन्हीकडे मध्ये भोक असलेलं कडं आलं. तांगेनीच्या प्रोग्रामात फेटकुक उजवीकडे फिरला, हिच्यात डावीकडे.

"सर, आपण आधी जो अंदाज भरला, तोच प्रोग्राम आपल्याला परत सांगतोय. दिशा कळत नाही, असंच सांगू या."

"मेमे हिल्या," बाईमाणसाला द्यायचा मान देत कावारी म्हणाले, "तुमचा करार महिनाअखेर संपतोय. सहीचा कागद माझ्या टेबलावर आहे. शुक्रवारपर्यंत तोंड तेवढं सांभाळा."

शुक्रवारी तिने भर सभेत पडद्यावर फेटकुक फिरवला. मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या. "बाप रे, काय भयंकर विवर!"

तिने बशी पुढे केली. "ताते," वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं ती म्हणाली, "हे बघा ते विवर. खऱ्या विवराची आमची फिल्मही अशीच. वायू कुठल्या बाजूला फिरतो, आम्हाला माहीत नाही."

मंत्री पहिल्या रांगेतल्या तांगेनीकडे वळले. त्याची नोकरी पक्की होती, त्याला कसली भीती? "काय हो, ही म्हणते ते खरं?"

तांगेनी स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

"दमलीय ती," कावारी म्हणाले. मंत्र्यांनी फेटकुक खाऊन टाकला.

मला संताप आला, अजून येतो. सात आठवडे तो गप्प होता तेव्हा नियम होता. शुक्रवारी कुठलाच नियम नव्हता.

हिल्याचा करार गेला. न फिरणारी फिल्म आता संस्थेच्या दारात दिवसभर चालू असते, आणि लोक थांबून बघतातही. घरात पुन्हा कुणी बोलत नाही असं ऐकून परवा तिची सासू दुसरी कोंबडी घेऊन आली. हिल्याने तिला चहा दिला आणि कोंबडी परत पाठवली.