केबल तपासा

आमच्या नासिरियात बारावीची परीक्षा लागली की सकाळचं नेट बंद. पेपर फुटू नये म्हणून! चार पोरं कॉप्या करतात आणि सरकार सगळ्या देशाला अंगठे धरून उभं करतं. पेपर वाटून झाले की आठच्या सुमाराला नेट परत येतं. आता याची इतकी सवय झालीय, की जूनमध्ये सकाळी नेट नसलं तर कुणी मान वर करून बघत नाही. लोक चहा ढोसतात, सरकारला दोन शिव्या हासडतात आणि गप्प बसतात.

इख्लासही गप्प बसली. तिथंच घात झाला.

सकाळी ती भट्टीवरून गरम समून पाव घेऊन येत होती, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी दिसली. काळ्या काचा, नंबरप्लेट नाही. असल्या गाडीतून माणसं उचलून नेतात हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल, आणि शहाणा माणूस तिच्याकडं बघत नाही. इख्लासनं पण बघितलं नाही. अबाया सावरत ती झपाझप घरात शिरली. नेमका आजच दुपारी मैथम घरी येणार होता.

मैथम तिचा धाकटा भाऊ. चौकातल्या निदर्शनांत त्याच्या शेजारचा मित्र गोळी लागून पडला, आणि या पठ्ठ्यानं गोळ्या झाडणाऱ्यांची नावं फोटोंसकट नेटवर टाकली. तेव्हापासून तो बगदादला एका दोस्ताकडं लपून होता. फोन त्यानं नदीत टाकला होता. बहीणभावाचं मिळून एकच ईमेल खातं. मजकूर लिहायचा, पण पाठवायचा नाही, तसाच ठेवून द्यायचा. दुसऱ्यानं खातं उघडून वाचायचा. काल त्यानं लिहिलं होतं, ‘उद्या येतो. युम्माला बघितल्याशिवाय आता राहवत नाही. काही गडबड दिसली तर लिहून ठेव. गाडीत बसायच्या आधी बघेन, वाटेत गाडी जेवायला थांबली की पुन्हा बघेन. काही लिहिलेलं नसलं तर सगळं ठीक असं समजतो.’

युम्माला म्हणजे आईला, हस्नाबाईला, यातलं काही माहीत नव्हतं. लेकाला बगदादला नोकरी लागली, एवढंच तिला सांगितलं होतं. म्हातारीला घोर नको म्हणून. ती बिचारी पहाटेपासून डोल्म्यासाठी द्राक्षाची पानं धूत बसली होती.

इख्लासनं समून तिथंच टाकले आणि लॅपटॉप उघडला. पान पांढरंच राहिलं. मधे एक ओळ आली, इंटरनेटशी जोडणी नाही. खाली सल्ला, केबल तपासा, राउटर तपासा.

“केबल काय तपासा? सरकारचं डोकं तपासा!” ती चिडून म्हणाली.

“परीक्षा गं,” आई चुलीपाशी बसून म्हणाली. “येईल आठ वाजता. त्या डबड्याला कशाला बोटं टोचतेस? इकडं ये, पानं भर.”

नेट आठला येईल. मैथम आठच्या आधी काय बघणार, त्याच्याकडंही नेट नसेलच की. इख्लासनं स्वतःची समजूत घातली आणि पानं भरायला बसली. भात पानांतून बाहेर सांडत होता.

“नवऱ्याघरी असतीस तर सासूनं हाकललं असतं,” आई म्हणाली.

“म्हणून तर नाही गेले,” इख्लास म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसताना तिचं लक्ष घड्याळाकडंच होतं.

आठ वाजून गेले तरी पान पांढरंच. तिनं ते पुन्हा पुन्हा उघडलं. दुसरा ब्राउझर लावला. ब्राउझरनं साठवलेलं सगळं पुसून टाकलं. राउटर बंद केला, थोडा दम खाल्ला, चालू केला. हिरवा दिवा लुकलुकला आणि पुन्हा लाल झाला. तिचा फोनही घरच्याच नेटवर चालायचा, तो पण मेल्यासारखा पडला होता. सरकारला आज उशीर झाला असेल. मागच्या वर्षी नव्हता का झाला? होतं कधी कधी. असं म्हणत तिनं आणखी बराच वेळ घालवला. मग मात्र बसवेना. छतावरचा अँटेना तरी बघू म्हणून ती जिना चढली.

शेजारच्या छतावर तबारक कपडे वाळत घालत होती. ही पोरगी यंदा बारावीला. कठड्यावर तिचा फोन ठेवलेला, आणि त्यात कुणीतरी बाई केक करून दाखवत होती.

“अगं, तू पेपरला नाही गेलीस?” इख्लासनं विचारलं.

“आज सुट्टी आहे, खाला! रसायन उद्या.”

“मग नेट?”

“आहे की. सकाळपासून आहे.”

इख्लासनं वळून आपल्या अँटेनाकडं बघितलं. केबल खाली लोंबत होती. तुटलेली नव्हती, पात्यानं सरळ कापलेली होती. म्हणजे रात्री कुणीतरी त्यांच्या डोक्यावर चालत होतं, आणि खाली त्या दोघी मायलेकी झोपल्या होत्या.

ती धावत खाली उतरून तबारकच्या घरी गेली, पोरीला खाली बोलावून तिचा फोन घेतला आणि खातं उघडलं. मैथमचा नवा मजकूर तिथं होता. ‘बघितलं. तुझं काही नाही, म्हणजे बरं आहे. गाडीत बसतोय. युम्माला सांग डोल्मा आंबट कर.’

“अरे गाढवा,” ती पुटपुटली, आणि तिचे डोळे भरून आले. भराभरा टाइप केलं, ‘येऊ नकोस. गल्लीत गाडी आहे. जिथं असशील तिथं उतर. परत जा.’ मग तिथंच आत जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. वाटेत गाडी थांबेल, कुणाचा तरी फोन मागेल, बघेल. बघेलच! तबारकनं पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं. मधे तिनं त्याच फोनवरून नेटवाल्या अबू सरमदला फोन लावून कापलेल्या केबलचं सांगितलं.

“कोण कापणार, बाई? उंदरानं कुरतडली असेल,” तो म्हणाला. “माझी सगळी माणसं आज लांबच्या टॉवरवर आहेत. संध्याकाळशिवाय कुणी मिळायचं नाही.”

उत्तर येईना. आई घरात एकटी आहे हे आठवलं तशी ती उठली. गल्लीत आली आणि थबकली. पांढरी गाडी नव्हती. गेली! हुश्श करून तिनं भिंतीला हात टेकला. गेले मेले, कंटाळून गेले.

घरात डोल्म्याचा घमघमाट सुटला होता. राउटरवर हिरवा दिवा होता. लॅपटॉपवर ते पांढरं पान जाऊन खरं पान उघडलेलं होतं.

“आलं बघ तुझं नेट!” आई खुशीत म्हणाली. “कंपनीचा माणूस येऊन गेला. छतावर जाऊन केबल जोडली, कसा झटपट! तू उगीच सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतंस.”

“कंपनीचा?” इख्लासनं विचारलं. “युम्मा, कंपनीचा माणूस संध्याकाळी येणार आहे.”

“मग हा लवकर आला. किती गुणाचा माणूस! खाला खाला करत होता. चहा दिला तर अर्धाच प्यायला, घाई होती त्याला. मी म्हटलं, माझा मैथम असता तर तुला बोलवावंच लागलं नसतं, त्याला यातलं सगळं कळतं. आज येतोयच तो बगदादहून. तर म्हणाला, कधी येणार, खाला? म्हटलं दुपारी, इथल्या बगदादच्या गाड्यांच्या स्टँडवर उतरेल.”

इख्लासला ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कुणावर? आईपासून सगळं लपवलं होतं तिनंच.

टेबलावर अर्धा प्यायलेला चहा होता. अजून कोमट होता.

तिनं खातं उघडलं. ते लगेच उघडलं. तिचे सकाळचे शब्द सगळ्यात वर होते, आणि त्यानंतर मैथमचं काही नव्हतं. घड्याळात बारा वाजत आले होते.

“काय म्हणाला तो जाताना?” तिनं विचारलं.

“काय म्हणणार? हसला. म्हणाला, काळजी करू नका खाला, आम्हीच जातो त्याला घ्यायला.”

इख्लासनं अबाया ओढली आणि चपला न घालताच दाराबाहेर पळाली. रस्ता तव्यासारखा तापला होता. मागून आईची हाक आली.

“स्टँडवर निघालीस का? येताना समून आण गं, सकाळचे गार झालेत. त्याला गरम लागतात!”