विमा कचेरीतलं इंग्रजी

मामांना उत्तम इंग्रजी येतं, हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. सगळ्यात जास्त खुद्द मामांनी.

त्यांची अख्खी नोकरी विमा कचेरीत, नुकसानभरपाईच्या विभागात टंकलेखक म्हणून गेली. कुठे काही कोसळणार असलं किंवा कोसळून झालेलं असलं, की त्याचा कागद त्यांच्या टेबलावर यायचा. त्यामुळे संकटाच्या नात्यागोत्यातले सगळे इंग्रजी शब्द त्यांना तोंडपाठ. दारात येऊन ठेपलेलं ते ‘इमिनंट’. डोक्यावर लटकणारं ते ‘इम्पेंडिंग’. लांबून अंगावर येताना दिसतंय, पण पळायला वेळ आहे, ते ‘लूमिंग’. आणि सगळं उरकल्यावर मागे उरतं ते ‘रिमेन्स’, तळाशी बसतो तो ‘रेसिड्यू’, जमिनीवर पसरतं ते ‘डेब्री’. संकट येणं आणि उरकणं, या दोहोंच्या मध्ये माणसं चहा पितात, एकमेकांची विचारपूस करतात, त्याचं इंग्रजी मात्र मामांच्या टेबलावर कधी आलंच नाही.

निवृत्तीनंतर ते धाकट्या बहिणीकडे राहायला आले. तिला सगळे माई म्हणत. माईने वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली होती. भाचीने खोल्यांचे फोटो इंटरनेटवर टाकले आणि एक परदेशी बाई यायची ठरली. नेमकी भाची कामासाठी परगावी गेलेली.

“दादा, बोलणं तुझ्याकडे, खाणं माझ्याकडे,” माई म्हणाली.

“तू निर्धास्त राहा,” म्हणत मामांनी इस्त्रीचा शर्ट काढला.

फ्रिजमध्ये आधीच्या पाहुण्यांचा अर्धा पाव आणि थोडा जॅम उरला होता. माईला टाकवेना, आणि नव्या बाईने शिळं खाल्लं तर, ही धास्तीही होती. मामांनी डब्यावर झोकदार अक्षरात चिठ्ठी चिकटवली: ‘रिमेन्स ऑफ प्रीव्हियस गेस्ट्स’. मग दोन पावलं मागे सरून स्वतःचं अक्षर डोळे भरून पाहिलं.

बाई आली. उंच, केस पांढरे, पाठीवर भली मोठी पिशवी. मामा दारात हसतमुखाने उभे राहिले, पण स्वागताचा शब्द काही केल्या सापडेना. जिन्याची एक पायरी जरा उंच होती. तिच्याकडे बोट दाखवून ते अदबीने म्हणाले, “इमिनंट डेंजर.” बाईने मान तुकवली आणि जपून पाय टाकला. मामांना वाटलं, झकास चाललंय.

मग पिशवी खोलीत टाकून बाई खाली आली आणि औषधाची बाटली ठेवायला तिने फ्रिज उघडला. चिठ्ठी वाचली. दार अगदी हळू लावलं, आणि आधी इथे कोण राहिलं होतं असं विचारलं.

एक जाडजूड नवराबायको होते, बिचारे चांगले होते, सगळं सामान घेऊन गेले, असं मामांना सांगायचं होतं. “हजबंड, वाइफ,” ते म्हणाले. “टोटल लॉस. नथिंग लेफ्ट. ओन्ली रिमेन्स.”

बाई वर गेली ती जेवायला खाली आलीच नाही.

“माझ्या स्वयंपाकाच्या वासानेच पळाली वाटतं,” माईचा चेहरा उतरला. “जा, बोलावून आण.”

मामांनी दारावर टकटक केली आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले, “लंच इमिनंट, मॅडम.” आतून जड काहीतरी फरफटत नेल्याचा आणि भिंतीवर दणकन आदळल्याचा आवाज आला.

“खोली लावतेय,” त्यांनी खाली येऊन सांगितलं.

माईला चैन पडेना. तिने लेकीला फोन लावला. चिठ्ठीत काय लिहिलंय ते मामांनी अभिमानाने वाचून दाखवलं.

“मामा,” भाची पलीकडून म्हणाली, “रिमेन्स म्हणजे मढं.”

“उरलेलं, असं लिहिलंय मी.”

“घराच्या बाबतीत उरलेलं. माणसाच्या बाबतीत मढं. तुम्ही त्या बाईला सांगितलंत की आधीच्या पाहुण्यांची मढी आमच्या फ्रिजमध्ये आहेत.”

मामा मटकन खुर्चीत बसले. आयुष्यभर गोदामं आणि गिरण्याच टाइप केल्या. माणसांचा विभाग शेजारच्या टेबलाचा. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले बिचारे. मग डबा उचलून तडक वर गेले.

दार बोटभर उघडलं. फटीतून बाईचा एक डोळा दिसला. मामांनी डबा पुढे धरला. त्यांनी झाकण काढलं, पाव बाहेर काढला आणि तिच्यादेखत एक घास खाल्ला. डोळा भयंकर मोठा झाला. मामांनी घाईघाईने उरलेला पाव फटीशी धरला, त्याला लागलेल्या जॅमसकट.

मग आतून हसू फुटलं. दाराला आतून लावलेलं टेबल बाजूला सरकलं आणि बाई पोट धरून दारात आली. मामाही हसले, आणि हसता हसता त्यांची नजर तिच्या डोक्यावरून आत गेली. टेबल आदळलं होतं तिथून तडा थेट छतापर्यंत गेला होता आणि पलंगावरचं प्लास्टर फुगून पोटासारखं लोंबत होतं.

“इम्पेंडिंग,” मामा म्हणाले.

बाई आणखीच हसली आणि पिशवी आणायला आत वळली.

“नो, मॅडम. इमिनंट.” त्यांनी तिची बाही धरून तिला बाहेर ओढलं. छताचा तुकडा उशीवर धाडकन पडला. खोलीभर धूळ.

“डेब्री,” बाई पुटपुटली.

“डेब्री,” मामांनी मान डोलावली.

माई पळीसकट धावत वर आली. कुणाला लागलं नाही हे पाहून तिने आधी भावाला झापलं, मग बाईच्या केसांतली माती झटकली आणि तिला हाताला धरून जेवायला नेलं. बाईने दोनदा वाढून घेतलं. माईला आणखी काही नको होतं.

भाची परतली तेव्हा बाई दुसऱ्या खोलीत मजेत राहत होती. संध्याकाळी ती आणि मामा ओट्यावर बसले होते. बाई बोलत होती, मामा मध्येच एखादा शब्द टाकत होते, आणि ती “अगदी तसंच” अशी मान हलवत होती.

“रोज तासन् तास चालतं हे,” माई दारामागून कुजबुजली. “काय बोलतात गं?”

भाचीने कान दिला. “तिचं घर मागे पुरात गेलं. पाणी कसं चढत आलं, चिखलात काय काय सापडलं, ते सांगतेय.”

“आणि दादाला कळतंय?”

“शब्द न् शब्द,” भाची म्हणाली.

माईने आत जाऊन त्या दोघांसाठी पुन्हा चहा टाकला.