लिंबाचा डोस

कंपाउंडरांनी आयुष्यभर लोकांना औषधं मापून दिली होती आणि कुणी डोस चुकवला तर त्याला चारचौघांत फैलावर घेतलं होतं. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे एकच पेशंट उरला होता. गॅलरीतल्या कुंडीतलं, बायकोनं लावलेलं लिंबाचं झाड.

ती वारल्यावर काही दिवसांनी मातीवर पांढरी जाळी दिसली. बुरशी! कंपाउंडरांनी दुकानातून बुरशीनाशक आणलं, जुनं काचेचं माप डोळ्यांसमोर धरून रेघेपर्यंत भरलं, पाण्यात कालवून कुंडीत ओतलं. तेव्हापासून दर रविवारी हाच नेम. ओतता ओतता ते आठवड्याचं सगळं सांगत. गॅसवाला येऊन गेला, गुडघा कुरकुरतोय. घरात त्यांचा आवाज निघे तो तेवढाच.

झाड मात्र खालावत गेलं. नवी पानं नखाएवढी, शिरांच्या मध्ये पिवळी. खत घातलं, तरी ढिम्म फरक नाही.

मुलगी वनस्पतींच्या प्रयोगशाळेत होती. मागच्या खेपेला तिनं या झाडाच्या मुळाचा तुकडा नेला होता, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या लिंबाचाही. काकूंचं झाड आईनंच याच्या फांदीला गुटी बांधून, तिला मुळं फुटल्यावर कापून, करून दिलेलं. या खेपेला तिनं फोनवर सूक्ष्मदर्शकातले दोन फोटो दाखवले.

"मुळं शाईत रंगवलीत. हे काकूंचं."

मुळाच्या आत निळे धागे, पेशीपेशीत झुडपासारखे फुटलेले.

"आणि हे आपलं."

कोरं करकरीत.

"छान आहे की," कंपाउंडर खुलले. "रोगाचा मागमूस नाही."

मुलीनं मान हलवली. "बाबा, ते धागे म्हणजे रोग नाही. चांगली बुरशी आहे ती. मूळ पोचत नाही तिथून स्फुरद, जस्त असली खनिजं आणून देते. झाड तिला साखर देतं. आपल्या कुंडीत खत भरपूर आहे, आणून देणारं कुणी नाही."

"मग वर पांढरं होतं ते?"

"कुजक्या पानांवरचं. त्यानं काही बिघडलं नसतं. तुम्ही त्याच्यासाठी ओतलेलं खाली मुळांपर्यंत गेलं, आणि ही चांगली मेली."

कंपाउंडर फोटोकडे बघत राहिले.

"मापात चूक नव्हती तुमच्या," ती हळूच म्हणाली.

"ते मला कळतं," ते खेकसले. मग म्हणाले, "आता काय?"

"औषध बंद. काकूंच्या कुंडीतली थोडी माती, बारीक मुळांसकट, याच्या मुळांशी घाला. जगेलच असं नाही सांगता येत."

"तू आण जाता जाता."

"माझी गाडी चुकेल. तुम्हीच जा."

मुलगी गेल्यावर ते रिकामा डबा घेऊन जिना उतरले. काकूंनी दार उघडलं आणि डब्याकडे पाहिलं.

"काय हे कंपाउंडरसाहेब! जिन्यात भेटलात की मान खाली घालून सटकता, आणि आज डबा घेऊन दारात?"

"माती हवी होती. लिंबाची."

"आहे ना जिवंत? तिचं झाड आहे हो ते."

"माझ्या हातून बिघडलं," ते म्हणाले.

काकूंनी खुरपं आणून स्वतःच डबा भरून दिला. वर येऊन त्यांनी ती माती झाडाच्या मुळांशी घातली.

रविवारी सकाळी सवयीनं त्यांच्या हातात माप आलं. औषधाची बाटली तर त्यांनी केव्हाच बांधून ठेवली होती. निदान पाणी तरी घालावं, म्हणून त्यांनी कुंडीत बोट खुपसलं. माती ओली होती. पाणीही नको होतं. रिकामं माप हातात धरून ते झाडाजवळ उभे राहिले. सांगायला आठवड्याभराचं होतं, पण ओतल्याशिवाय सुरुवात कुठून करायची, तेच त्यांना सुचेना.