चौथा गिअर

निशाने शेवटचा बोल्ट काढला, इंजिनाच्या वरच्या झाकणाला, हेडला, दोन्ही बाजूंनी हात घातले आणि ते उचलून बाकावर उलटं ठेवलं. मग टॉर्च खाली धरला. चारही पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे खड्डे उमटले होते. ताजे, चकचकीत. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले होते, आणि एखाद्या सिलिंडरमध्ये नव्हे, सगळ्यांमध्ये.

"बघा," ती म्हणाली.

भूपेंद्र वाकला. तो जसोंडीच्या मळ्यातून थेट गॅरेजवर आला होता. बाहीवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. त्याने बराच वेळ पाहिलं आणि सरळ उभा राहिला.

"स्प्रिंगा कमी पडल्या का परत?"

"स्प्रिंगा कमी पडल्या असत्या तर एका-दोघांना लागलं असतं. हे सगळ्यांना सारखं आहे. लॅपटॉपवरही दिसून राहिलंय. आठ हजारावर तुम्ही गिअर बदलला आणि फेऱ्यांचा काटा अकरा हजाराच्या वर गेला. एका झटक्यात."

"लिमिटर लावला होता ना तू?"

"फेऱ्या वाढल्या की लिमिटर फक्त पेट्रोल तोडतो. तिसऱ्यानंतर चौथ्याच्या जागी दुसरा पडला, तर चाकंच इंजिनाला फिरवतात. चाकांना लिमिटर कसा थांबवणार?"

भूपेंद्रने बाकावरचं फडकं उचललं आणि स्वच्छ असलेले हातच पुन्हा पुसले.

"मी चौथाच टाकला होता, निशा."

"मग दुसरा पडला कसा?"

"ते मला नाही माहीत. हात सरळ मागे आला होता. चौथाच."

निशाने टॉर्च बंद केला. "हात तुमचा होता," ती म्हणाली, आणि वाकलेले व्हॉल्व्ह काढायला बसली.

बुऱ्हाणपुरात लालबागच्या रस्त्यावरचं हे गॅरेज तिच्या वडिलांचं. ते ट्रॅक्टर आणि डिझेल पंप दुरुस्त करायचे. निशाने खंडव्याला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि लग्नानंतरही सकाळी दहाला शटर वर करणं सोडलं नाही. भूपेंद्रचा केळीचा व्यापार. त्याला गाडी चालवायचा नाद होता आणि हातही होता. दोन वर्षांपूर्वी तिने एक जुनी झेन गाडी घेतली, तिच्यात एस्टीमचं तेराशे सीसीचं इंजिन बसवलं आणि ठरवलं की हे इंजिन मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्या मारेल, आणि रोज मारेल.

सोपं नव्हतंच ते. पहिल्यांदा सात हजारांच्या पुढे इंजिनाचा आवाज फाटायला लागला. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम इतक्या वेगाने फिरत होता की व्हॉल्व्ह वेळेवर बंदच होत नव्हते. तिने स्प्रिंगा बदलल्या, एकेकीखाली पातळ चकत्या घालून ताण जुळवला, आणि फाटलेला आवाज सांधला गेला. मग तेलाचं दुखणं निघालं. गाडी जोरात ताणली की तेल वर हेडमध्येच साचून राहायचं आणि खाली प्रेशरचा काटा पडायचा. तिने तेल उतरायच्या वाटा घासून मोठ्या केल्या, खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये पत्र्याचे आडोसे बसवले. इंजिन दर वेळी मोडायचं, दर वेळी ती ते उघडायची, आणि उघडल्यावर ते तिला काय झालं ते सांगायचं. यावर तिचा पक्का विश्वास बसला होता.

म्हणून इंदूरकडच्या जुन्या धावपट्टीवर वेळेची स्पर्धा होती, तेव्हा ती निर्धास्त होती. गाडी भूपेंद्र चालवत होता. पहिल्या दोन फेऱ्यांत झेनने तिच्याहून दुपटीने महागड्या गाड्यांना मागे टाकलं. जळगावचा पंकज कुंपणापाशी उभा राहून पाहत होता. त्याला आणि त्याच्या मित्राला रॅलीच्या गाड्यांसाठी इंजिनं बांधून हवी होती, आणि ती निशाकडे द्यायची की पुण्याला, हे तो त्या दिवशी ठरवणार होता. तिसऱ्या फेरीत, सगळ्यांच्या देखत, झेनमधून एक कोरडा कडाका ऐकू आला. गाडी नुसतीच घरंगळत पट्टीच्या टोकाला जाऊन थांबली.

हेड उघडल्यानंतरच्या दिवसांत घरात भांडण असं झालं नाही. भूपेंद्र सकाळी मळ्यांवर जायचा, संध्याकाळी ट्रक भरून दिल्लीला लावायचा आणि घरी यायचा. ती त्याच्या ताटात गरम भाकरी वाढायची. तो ट्रकच्या भाड्याबद्दल सांगायचा, ती ऐकायची. फक्त आधी तो घरी जाताना गॅरेजवर थांबायचा, बाकावर बसून चहा प्यायचा आणि "आज कुठपर्यंत आलं?" असं विचारायचा. ते बंद झालं. तिनेही त्याला बोलावलं नाही.

नवे व्हॉल्व्ह आले. तिने ते एकेक करून त्यांच्या बैठकीवर घासून बसवले, पिस्टन बदलले आणि वरचा भाग पुन्हा जुळवला. गिअरबॉक्सच्या बाजूला तिने हात लावला नाही. त्याची गरज नव्हती. दोष कुठे होता ते तिला कळलेलं होतं.

पंकज आला तो अशाच एका दुपारी. तिने मनातल्या मनात त्याच्या नकाराची तयारी केली होती. पण त्याने टेम्पोतून ताडपत्रीत गुंडाळलेली दोन इंजिनं उतरवून घेतली.

"पुण्याला नाही दिली?" तिने विचारलं.

"कशाला देऊ? तुमचं इंजिन तर एक नंबर होतं, वहिनी. भूपेंद्रभाऊंनीच सांगितलं ना."

"काय सांगितलं?"

"तिथंच, पट्टीवर. सगळे जमले होते, तुम्ही गाडीपाशी होता. कोणीतरी म्हटलं, घरगुती इंजिन आहे, फुटणारच. तर भाऊ म्हणाले, इंजिनाला नाव ठेवू नका, माझा हात चुकला, गिअर चुकीचा टाकला मी." पंकज हसला. "होतं असं. मोठ्या मोठ्या ड्रायव्हरांचं होतं."

निशाने पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे केला. तिला दोन इंजिनांचा आनंद झाला, आणि त्याच्याच पाठोपाठ राग आला. म्हणजे याला ठाऊक होतं. अनोळखी माणसांपुढे कबूल करता आलं, आणि तिच्यापुढे, उघड्या इंजिनापुढे उभं राहून मात्र 'चौथाच टाकला होता'. त्या संध्याकाळी तिने भाकरी वाढली आणि ती त्याच्या समोर न बसता ओट्यापाशी उभी राहून जेवली. भूपेंद्रने एकदा वर पाहिलं.

"इंजिन तयार आहे," तिने पाठमोरीच सांगितलं. "उद्या मीच चालवून बघणार आहे."

"बघ," तो म्हणाला.

चांदनी गावाकडे नव्या बायपासचा एक तुकडा डांबर पडून तयार होता, पण अजून वाहतुकीला उघडला नव्हता. दोन्ही बाजूंनी सिमेंटचे ठोकळे लावलेले, मध्ये दीड-दोन किलोमीटरचा सरळ काळा पट्टा. तिथला सुपरवायझर मोहित याच्या बुलेटचं काम निशाच करायची. डंपर जेवणासाठी थांबले की त्याने एक ठोकळा बाजूला करून दिला.

"मॅडम, आज भाऊ नाही आले?"

"आज मीच."

"बिनधास्त जा. पुढे सगळं क्लिअर आहे."

पहिली खेप तिने इंजिन तापवण्यात घालवली. तेलाचं प्रेशर जागेवर होतं. दुसऱ्या खेपेला तिने दुसऱ्यात सात हजार गाठले, तिसरा टाकला आणि पाय खाली दाबला. सहा. सात. इंजिन एका सुरात वर चढत गेलं. त्या आवाजात तिला स्वतःचा हात ऐकू येत होता, प्रत्येक चकती, प्रत्येक घासलेली वाट. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. आठ हजार.

तिने क्लच दाबला आणि गिअरचा दांडा सरळ मागे ओढला.

दांडा मागे आला, पण सरळ आला नाही. तिच्या तळहाताखालीच तो डावीकडे, तिच्यापासून दूर, एक बोटभर सरकला, क्षणभर अडखळला, गुरगुरला आणि आत बसला.

शर्यतीत असती, तर तिने त्याच क्षणी क्लच सोडला असता. पण ती शर्यतीत नव्हती, चाचणी करत होती, आणि तिचा डावा पाय अजून खालीच होता. तिने खाली पाहिलं. दांडा दुसऱ्यावर होता.

तिने तो सावकाश काढून मधोमध आणला आणि गाडी घरंगळू दिली. गाडी कडेला थांबली. तिने स्वतःला सांगितलं, हात चुकला. मी काही रोज एवढ्या वेगात चालवत नाही. मग गाडी वळवली आणि सुरुवातीपासून पुन्हा केलं. पाच हजारांवर बदलला, चौथा पडला. सहावर बदलला, चौथा पडला. आठवर, या वेळी दांड्याला फक्त दोन बोटं लावून, मुद्दाम जरा उजवीकडे ठेवून तिने तो मागे ओढला. दांडा बोटांतून निसटल्यासारखा डावीकडे गेला आणि दुसऱ्यावर जाऊन थांबला.

तिने क्लच सोडला नाही.

मोहितने साइटवरचा जॅक आणून दिला. निशा डांबरावर आडवी झाली, गाडीखाली सरकली आणि गिअरबॉक्सच्या पोटाला जॅक लावून इंजिन थोडं वर उचललं. ज्याच्यावर इंजिन बसतं ते गिअरबॉक्सच्या बाजूचं रबरी फाउंडेशन तिच्या डोळ्यांदेखत मधोमध उघडलं. रबर आतून आरपार फाटलं होतं. जॅक उतरवला की फट मिटायची आणि रबर साबूत दिसायचं. जोरात पळताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की अख्खं इंजिन कलत होतं आणि गिअरची सळई आपल्याबरोबर ओढून नेत होतं. दांडा मग जिथे जाईल तिथे जाईल, धरणाऱ्याचा हात कितीही सरळ असो.

चारपैकी तीन फाउंडेशनं तिने नवी घातली होती. हे एक अंगठ्याने दाबून पाहिलं होतं आणि चांगलं आहे म्हणून ठेवलं होतं.

"काही मोठं निघालं का?" मोहितने बाहेरून विचारलं.

"नाही," ती गाडीखालून म्हणाली. "छोटंच आहे." आणि तरी ती लगेच बाहेर आली नाही.

लालबागला जाणारा रस्ता सोडून तिने झेन जसोंडीकडे घेतली. सगळा रस्ता तिने दांडा सावकाश, दोन-दोनदा चाचपून टाकला. मळ्याच्या बांधाला ट्रक लागला होता. माणसं डोक्यावरून घड आणत होती आणि भूपेंद्र ट्रकमध्ये उभा राहून, खाली वाळलेली पानं अंथरून, ते रचून घेत होता. तिला पाहून तो खाली उतरला नाही. झेनच्या आवाजाकडे त्याने कान दिला, हे तिला कळलं.

"सुरू झालं मग," तो म्हणाला.

"झालं." ती ट्रकच्या फाळक्यापाशी येऊन उभी राहिली. "गिअर चौथाच टाकला होता तुम्ही."

भूपेंद्रने हातातला घड नीट ठेवला. त्याच्या बाजूला पान खोचलं.

"हं," तो म्हणाला.

"फाउंडेशन फाटलंय. गिअरबॉक्सकडचं. मी जुनंच ठेवलं होतं."

"दुसरं मिळतं ना?"

"मिळतं." ती थांबली. घड घेऊन आलेला माणूस दोघांच्या मधून हात वर करून उभा होता. भूपेंद्रने त्याचा घड घेतला आणि तो माणूस परत वळला. "तुम्हाला माहीत होतं तुमचा हात चुकला नाही म्हणून. मग पंकजला, सगळ्यांना, तसं का सांगितलं?"

"काय सांगू मग? लोकांना कोणाची तरी चूक लागतेच." त्याने पुढचा घड घेण्यासाठी हात पुढे केला. "माझा तर केळीचा धंदा आहे, निशा. मला गिअर टाकता येत नाही म्हणून माझी केळी घ्यायचं कोणी थांबत नाही."

निशा तिथेच उभी राहिली. एक माणूस तिला वळसा घालून पुढे गेला, मग दुसरा. तिसऱ्या माणसाचा घड तिने स्वतः उतरवून घेतला आणि दोन्ही हातांनी वर दिला. तिच्या कुर्त्यावर चीक सांडला. तो डाग निघणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

ट्रक भरून निघाला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. भूपेंद्रने हात धुतले आणि सवयीने मोटरसायकलकडे वळला. निशाने झेनची किल्ली त्याच्यापुढे धरली. तो किल्लीकडे पाहत राहिला.

"चौथ्यावर नाही न्यायची," ती म्हणाली. "रबर अजून फाटलेलंच आहे."

"मग घरापर्यंत तिसऱ्यावर?"

"तिसऱ्यावर."

ती दुसऱ्या बाजूने जाऊन बसली. भूपेंद्रने गाडी रस्त्यावर घेतली, दुसरा टाकला, तिसरा टाकला आणि हात स्टिअरिंगवर ठेवून दिला. बुऱ्हाणपूर येईपर्यंत केळीचे ट्रक, ट्रॅक्टर, एक स्कूलबससुद्धा हॉर्न देत त्यांच्या पुढे निघून गेली. त्याने कोणालाच अडवलं नाही.

"आज कुठपर्यंत आलं?" त्याने विचारलं.

ती सांगायला लागली.