रिकाम्या कोपऱ्यातला ठिपका

घरात तिला 'ठिपकेवाली' म्हणायचे. नाव ठेवलं होतं मोठ्या नणंदेनं, आणि या नणंदेनं ठेवलेलं नाव पुसायची कुणाची बिशाद नव्हती. ठिपकेवाली रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत संख्याशास्त्राचं काम करायची. म्हणजे दिवसभर पडद्यावर ठिपके मांडत बसायची, असं नणंदेचं मत. ते फारसं चुकीचंही नव्हतं.

नणंद शाळेत खेळ शिकवायची. तिची शिट्टी वाजली की मैदानावरची पोरंच काय, रस्त्यानं जाणारी माणसंसुद्धा जागच्या जागी उभी राहत. अशी बाई वर्षभर खुर्चीला खिळून होती. हाडं ठणकायची, जिना चढला की गळून जायची, आणि काही कारण नसताना डोळे भरून यायचे. तपासण्या झाल्या. जो आकडा मर्यादेबाहेर जाईल त्याच्यापुढे चांदणी छापायची, ही प्रयोगशाळेची पद्धत. नणंदेच्या अहवालावर औषधालाही चांदणी नव्हती. मग काय, घरात जो तो डॉक्टर झाला. कुणी म्हणे वय झालं, कुणी म्हणे कामाचा कंटाळा. खऱ्या डॉक्टरांनी मनाच्या गोळ्यांचं नाव काढलं, तेव्हा भावापुढे तिनं नुसती मान हलवली. भावजयीला मात्र तिनं स्वयंपाकघरात गाठलं.

"खरं सांग, मी नाटक करतेय असं तुलाही वाटतं का?"

"काहीतरीच काय, वन्सं!"

"मला वाटायला लागलंय गं. कागदावर सगळं ठीक आहे. मग खोटं कोण बोलतंय, मीच ना?"

चांदणी कुठून सुरू करायची हे ठरवणाऱ्या मर्यादा ठिपकेवालीनंच आखलेल्या होत्या. शिवाय या बाईला असं हळू आवाजात बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्याच सुमारास प्रयोगशाळेत नवं काम निघालं. आजवर प्रत्येक तपासणीची मर्यादा स्वतंत्रपणे काढत. आता दोन तपासण्या जोडीनं पाहायच्या होत्या. तिनं सुरुवातीला कॅल्शियम घेतलं आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारं संप्रेरक. आपल्या गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की त्या हे संप्रेरक सोडतात, चढलं की हात आखडता घेतात. तिनं हजारो निरोगी माणसांचे आकडे घेतले. आडव्या रेषेवर कॅल्शियम, उभ्या रेषेवर संप्रेरक, आणि एका माणसाचा एक ठिपका.

कळ दाबली आणि ती बघतच राहिली.

पडद्यावर एक ढग उतरला होता. लांबट, कललेल्या अंड्यासारखा. मधे दाट, कडेला विरळ होत गेलेला. डावीकडे उंच, उजवीकडे खाली झुकलेला. द्विचल वितरणाचं, म्हणजे दोन आकडे जोडीनं कसे पसरतात त्याचं, सूत्र तिला कॉलेजपासून तोंडपाठ होतं, परीक्षेत त्यावर चांगले गुणही पडले होते. पण ते सूत्र असं समोर येऊन उभं राहील, असं तिला कधी वाटलं नव्हतं. ही माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. कुणी बसचालक असेल, कुणी बाळंतीण, कुणी सकाळीच नवऱ्याशी भांडून आलेली. कुणी कुणाला विचारलं नव्हतं, तरी सगळ्यांच्या रक्तानं मिळून हा एक आकार धरला होता. कुणाला हाक मारून दाखवावं म्हटलं, तर सगळे जेवायला गेलेले.

मग तिचं लक्ष उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात गेलं. तिथे चिटपाखरू नव्हतं. गंमत म्हणजे त्या कोपऱ्यातलं कॅल्शियम अनेकांचं होतं, संप्रेरकही अनेकांचं होतं; दोन्ही एकाच माणसात मात्र कुणाचीच नव्हती. पैलवानाचा गळा आणि शाळकरी पोराची बाही ही दोन्ही मापं शिंप्याकडे येतात, पण एकाच सदऱ्यासाठी येत नाहीत. एकेक आकडा तपासणाऱ्या चांदणीला हे कसं कळणार?

आणि तिनं खुर्ची पुढे ओढली. वन्संचा अहवाल तिनं इतक्यांदा वाचला होता की आकडे डोळ्यांपुढेच होते. दोन्ही मर्यादेच्या आत. दोन्ही वरच्या टोकाला. एकाच सकाळच्या रक्ताचे, पण दोन वेगळ्या पानांवर छापलेले.

तिनं ते जोडीनं भरले. ठिपका रिकाम्या कोपऱ्यात जाऊन पडला, एकटाच.

रकाने उलटे भरले असतील म्हणून तिनं पुन्हा भरले. ठिपका तिथेच. जेवून आलेल्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई तिच्या मागे येऊन थांबल्या.

"हा कोण गं?"

"आमच्या वन्सं."

बाई वाकून पडद्याजवळ आल्या. "कॅल्शियम इतकं वर असताना ग्रंथीनं गप्प बसायला हवं होतं. ही तर बोलतच सुटलीय. त्यांना लगेच घेऊन ये."

घरी नवरा वैतागला. "पुन्हा सुया? पुरे करा आता, तिचा जीव मेटाकुटीला आलाय." नणंदेनं मात्र तो ढग छापलेला कागद हातात घेतला.

"ही मी?"

"हो."

"आणि ही सगळी बाकीची माणसं?" तिनं ढगावरून बोट फिरवलं. "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते."

"नव्हता, वन्सं."

नणंद उठली आणि स्वतःच चपला शोधायला लागली.

पुढचं सगळं भराभर झालं. तपासणी पुन्हा केली, ठिपका पुन्हा कोपऱ्यातच. गळ्याच्या चित्रात एका ग्रंथीवर वाटाण्याएवढी गाठ दिसली. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली, आणि घरातल्या सगळ्या हौशी डॉक्टरांनी आपापला दवाखाना मुकाट्यानं बंद केला.

काही महिन्यांनी नणंद न सांगता प्रयोगशाळेत उगवली. जिना चढून आली होती, धापही लागली नव्हती. ताजा अहवाल तिनं टेबलावर आपटला.

"हं ठिपकेवाली, दाखव मला."

ठिपकेवालीनं आकडे भरले, कळ दाबली. नणंद पडद्याला नाक लावून शोधू लागली. कोपरा रिकामा होता. ढग होता तसाच, शांत, दाट.

"मी कुठेय?"

"यातच आहात."

"अगं पण दिसत नाहीये!"

"आता नाही दिसणार, वन्सं."

नणंद बघत राहिली. आयुष्यभर रांगेच्या पुढे उभी राहिलेली बाई, पण त्या गर्दीवरून तिची नजर हलेना. तिचे डोळे भरून आले आणि या वेळी त्याला कारण होतं. मग पदरानं नाक पुसून ती म्हणाली, "बरं झालं. राहू दे मला तिथेच."