परीचे गुडघे वाजतात

"चाळीस डॉलर!" ट्रूडी खुर्चीवर चढून ओरडली आणि तिने दोन्ही नोटा डोक्यावर धरून नाचवल्या. "एका दाताचे चाळीस!"

हॉलमध्ये एकच कल्ला झाला. टाळ्या काय, शिट्ट्या काय, कुणीतरी अकॉर्डियनसुद्धा वाजवायला घेतलं. ज्या फळ्यांवर आम्ही दर शनिवारी पोल्का नाचतो, त्याच फळ्यांवर त्या दिवशी अख्खं टॅबर क्रीक एका दुधाच्या दातापायी नाचत होतं. शेरीफ नाचत होता, बँकेचा मॅनेजर नाचत होता. खसखशीच्या कोलाच्यांचं, म्हणजे गोड पावांचं, ताट पालथं झालं, तरी कुणाला शुद्ध नव्हती.

स्टेजवर पांढऱ्या सुटातला डेल्बर्ट ट्रेडवेल हात पसरून उभा होता. हातात जांभळी मखमली थैली.

"कुणी दिले, लेकरा?"

"दातपरीनं!"

"आणि परीला कुणी बोलावलं?"

"थैलीनं!"

थैली साठ डॉलरची; दात तिच्यात घालून उशीखाली ठेवायचा. साठ देऊन चाळीस मिळाले म्हणून माणसं नाचत होती, आणि त्यात आमचा बँक मॅनेजर! मी कपाळाला हात लावला.

मी ब्लँश कुचेरा, गावच्या शाळेतली नर्स. नेब्रास्कातल्या या गावात मुलाचा दात पडला की ते आधी माझ्याकडे येतं. मी रक्त पुसते, कापूस देते, दात छोट्या डबीत घालून घरी पाठवते. रात्री तो उशीखाली जातो, परी येते, दात नेते, पैसे ठेवते. परी म्हणजे कोण, हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक असतं आणि मुलांसमोर ते गिळून टाकायचं असतं. पण सकाळी मुलं भाव सांगायला माझ्याकडेच येतात, त्यामुळे कुठल्या उशीखाली काय पडतं ते मला तोंडपाठ आहे. एरवी आमच्याकडे दाताला एक डॉलर. डॉक्टरांच्या घरी पाच. एमिल होराचेककडे पाव डॉलरची चार नाणी, पण ती अशी चकचकीत, की बघत राहावं. एमिल ती व्हिनेगरने घासतो. त्याने मला एकदा गुपचूप सांगितलं होतं.

हा सगळा सुखाचा संसार ट्रेडवेलने उधळला. कुठून आला देव जाणे. पहिल्याच सभेत त्याने फर्मान काढलं, "लेकरं पुढं, मोठी माणसं मागं! परीला पहिली रांग लेकरांची लागते." मग सुरू झाला. "परी तुमचा खिसा बघत नाही, श्रद्धा बघते! ज्या उशीत शंका, त्या उशीला डंका!" याचा अर्थ काय, ते त्यालाही माहीत नसावं. ज्याच्या घरी काही पडलं नाही, त्याला तो विचारायचा, "उशी पूर्वेला होती? मग पश्चिमेला हवी होती. पश्चिमेला होती? अरेरे, मग पूर्वेला!"

गावात दातांना ऊत आला. मुलं वर्गात बसून दात हलवत होती. एकाने दाताला दोरा बांधून दुसरं टोक कुत्र्याच्या शेपटीला बांधलं, आणि दात राहिला जागेवर, मुलगाच अंगणभर फरफटला. आमच्या हॅटीआजीने तर कमाल केली. तिने आपली कवळीच थैलीत घालून उशीखाली ठेवली. सकाळी कवळी गायब!

"परीनं नेली!" हॅटीआजी बोळक्या तोंडानं सांगत सुटली. संध्याकाळी कवळी शेजारच्या कुत्र्याच्या घरात सापडली. ट्रेडवेल म्हणाला, परी कुत्र्याच्या रूपात आली होती.

मला हसू येत होतं आणि संतापही. ट्रूडीची आई मार्लीन माझी मैत्रीण. तिला मी दुकानात मैद्याच्या पोत्यामागे गाठलं.

"खरं सांग, चाळीस डॉलर तू ठेवलेस ना?"

"हळू बोल! पोरगी तिकडे बिस्किटं बघतेय." मार्लीनने इकडेतिकडे पाहिलं. "मी वीस ठेवले. साठची थैली आणायची आणि सकाळी एकच डॉलर निघायचा, बरं दिसतं का?"

"मग परी कसली? तूच की!"

"अगं पण मी वीस ठेवले आणि सकाळी चाळीस निघाले! वरचे वीस कुठून आले? अंगावर काटा आला माझ्या."

"गसला विचारलंस?"

"नवऱ्याला काय विचारायचं? तो तर माझ्याआधी घोरत होता. आणि थैली घेऊ नको म्हणून तोच भांडला होता माझ्याशी. तो कशाला ठेवील?" मग ती माझ्या कानाशी आली. "आणि एमिलच्या घरचं काय? तिथं तर ठेवायला दुसरं कुणी नाहीच."

एमिलच्या घरचं कोडं मात्र मलाही सुटत नव्हतं.

एमिलची बायको अ‍ॅग्नेस गेल्या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून घरात तो आणि सात वर्षांची नात लिबी, दोघंच. लिबीचा दात पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला न्यायला तो शाळेत आला, तेव्हा त्याने शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली दहाची नोट काढून मला दाखवली.

"मी विसरलो होतो, ब्लँश. नाणी घासली नाहीत, काही नाही, खुर्चीतच डोळा लागला. सकाळी आठवलं. धावत गेलो, तर लिबी बिछान्यात बसून हसतेय आणि हातात ही नोट! सांग, कुणी ठेवली?"

"दार उघडं राहिलं असेल..."

"अ‍ॅग्नेस कधी विसरायची नाही." त्याचे डोळे भरले. "ट्रेडवेल म्हणतो, तीच येते परीबरोबर. शनिवारी महाउशी आहे. घरातली साठवण त्या उशीखाली ठेवायची, सकाळी दुप्पट होते. मला दुप्पट नको गं. पण ती पुन्हा आली, एवढं तरी कळेल."

"कुठली साठवण, एमिल?"

मी उगाच विचारलं. मला माहीत होतं. लिबीचा वरचा जबडा पुढे आलाय, तिला धड चावता येत नाही. दातांच्या तारांसाठी दोघं नवराबायको कॉफीच्या डब्यात पैसे टाकत होते. डॉक्टरची चिठ्ठी मीच दिली होती. मी दाताच्या कण्या करून त्याला विनवण्या केल्या, पण तो रुमालाची घडी घालत राहिला. लिबी दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, हे मला नंतर कळलं.

शनिवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर पलंगाएवढी चौकी, तिच्यावर बैलगाडीभर पिसं कोंबलेली जांभळी उशी, मागे पडदा. पुढे जमिनीवर गावची सगळी मुलं, मागे खुर्च्यांवर मोठी. एकेक जण पाकीट घेऊन चढायचा, उशीखाली सारायचा, डोळे मिटून उतरायचा. शेरीफने तर पाकिटाबरोबर स्वतःची पडलेली दाढही ठेवली.

मग एमिल उठला. काखेत कॉफीचा डबा.

मला राहवलं नाही. मी ताडकन उभी राहिले. "थांब, एमिल! मिस्टर ट्रेडवेल, उशीखाली पैसे कोण ठेवतं, ते मी सांगते!"

ट्रेडवेल रागावला नाही. तो गोड हसला आणि त्याने मुलांकडे हात केला. "जरूर सांगा, ब्लँशबाई. या लेकरांना सांगा. कोण ठेवतं?"

पुढच्या रांगांमधली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. कुणाचा वरचा दात नाही, कुणाचे खालचे दोन. मागून आया डोळे वटारून मान हलवत होत्या, ब्लँश, नको, बोलू नकोस! माझी दातखीळ बसली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की लेकरं पुढं का! मेल्याने मुलांची ढाल केली होती. अख्ख्या गावाला खरं माहीत, आणि अख्ख्या गावाचं तोंड मुलांच्या मायेने शिवलेलं.

"मी... खिडकी उघडू का? उकडतंय," मी म्हणाले आणि मटकन खाली बसले. लोक हसले.

एमिलने पायरीवर पाय ठेवला.

"देदा, थांब!" लिबी उठली. आमच्याकडच्या चेक घरांत आजोबाला देदा म्हणतात. "देदा, ते दहा डॉलर मी ठेवले होते."

सगळ्या माना लिबीकडे वळल्या.

"तू कशाला ठेवशील, बाळा?" एमिल म्हणाला.

"तू खुर्चीत झोपला होतास. सकाळी आठवलं असतं तर तू दिवसभर स्वतःलाच बोल लावत बसला असतास. आजी गेल्यापासून तू तसंच करतोस. म्हणून मी माझी वाढदिवसाची नोट उशीखाली ठेवली."

ट्रेडवेल टाळी वाजवून पुढे आला. "वा! परी कधी कधी मुलांच्या तोंडून परीक्षा घेते. घाबरू नका!"

"नोटेच्या मागं कोपऱ्यात मांजर आहे," लिबी म्हणाली. "निळ्या पेनानं मीच काढलंय."

एमिलने रुमाल सोडला, नोट उलटी केली. मी धावत जाऊन पाहिलं. मांजर होतं. मिशा कानांपेक्षा मोठ्या.

"परीनं काढलं असेल!" ट्रेडवेल म्हणाला.

"खाली नाव लिहिलंय, मफिन," मी मोठ्यानं वाचलं. "आणि स्पेलिंग चुकलंय. शुक्रवारच्या शुद्धलेखनात लिबीनं तेच चुकवलं होतं."

पहिल्या रांगेत खिदळणं सुरू झालं. ट्रेडवेलने आवाज चढवला, "लेकरांनो, हिच्या मनात शंका शिरली! सांगा हिला, परी आहे की नाही?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ट्रूडी उठली.

"आम्हाला केव्हापासून माहितीये," ती म्हणाली. "मम्मी ठेवते. परीचे गुडघे वाजतात."

"आमच्या परीचा पाय माझ्या खेळण्यातल्या मोटारीवर पडला," मागून एक पोरगा म्हणाला, "आणि परीनं बाबांसारखीच शिवी दिली!"

"आमची परी सिगारेट ओढते!"

"देदाच्या नाण्यांना व्हिनेगरचा वास येतो," लिबी हळूच म्हणाली.

मागच्या खुर्च्यांवरची अवस्था काय सांगू! मार्लीन लाल, तिचा नवरा गस जांभळा. "मग आम्हाला सांगितलं का नाहीत?" कुणीतरी विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," ट्रूडी म्हणाली. मग तिनं खरंही सांगून टाकलं. "आणि चाळीस डॉलर बंद झाले असते."

एका चिमुरड्याचा ओठ थरथरला. "म्हणजे परी नाहीये?" त्याच्या बहिणीनं त्याला मांडीवर घेतलं. "आहे रे. मम्मी आहे." तो मान वाकडी करून आईची पाठ बघायला गेला, पंख आहेत का म्हणून.

आता मला कुणाची भीती? मी खुर्चीवर चढले. "ज्यांनी ज्यांनी रात्री उठून ठेवले, त्यांनी हात वर करा! लाजू नका, मुलांना सगळं ठाऊक आहे."

आधी मार्लीनचा हात वर गेला. मग तिच्या शेजारी गसचा.

"तू?" मार्लीन किंचाळली. "तू तर घोरत होतास!"

"सोंग होतं ते! तू झोपलीस की मग ठेवायचे म्हणून," गस म्हणाला. "मी वीस ठेवले. पोरीला सकाळी एकच डॉलर दिसू नये म्हणून."

"मीपण वीसच ठेवले!"

"झाले चाळीस!" मी म्हणाले. लोक पोट धरधरून हसायला लागले. एकेक हात वर होऊ लागला, आणि शेवटी हॉलभर हातच हात. तुमचेच पैसे, तुम्हीच ठेवलेले, आणि टाळ्या याला! वर प्रत्येकी साठ डॉलर दक्षिणा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, अशातली गत.

गस तोवर स्टेजवर चढला होता. त्याने ती महाउशी उचलून फेकली. खाली चौकीच्या फळीत लांबट फट, फटीखाली खण, आणि खण पडद्यामागून उघडणारा. खणात सगळ्यांची पाकिटं. मागच्या दाराबाहेर ट्रेडवेलची गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी. शेरीफने आपली दाढ आधी खिशात घातली, मग ट्रेडवेलला धरलं.

एमिल पायरीवरच बसला होता, डबा पोटाशी धरून. लिबी त्याला चिकटली. "रागावलास, देदा?"

"म्हणजे आजी आली नव्हती," तो म्हणाला.

"नाही." ती आणखी जवळ सरकली. "मी आले होते ना."

त्याने तिला जवळ ओढलं आणि तो रडला, भर हॉलमध्ये. मीही रडले, का लपवू?

वसंतात लिबीच्या दाताला तारा बसल्या. त्याच आठवड्यात तिचा आणखी एक दात पडला. एमिल डोकं खाजवत माझ्याकडे आला. "आता काय करू? तिला तर सगळं माहीत आहे."

लिबीनेच त्याला उत्तर दिलं. "मी झोपायचं सोंग घेईन, तू परीचं सोंग घे."

बघा, फरक एवढाच आहे. खेळ असतो तेव्हा दोघांनाही माहीत असतं. फसवणुकीत ते एकालाच माहीत असतं आणि तो तुमच्याकडून साठ डॉलर घेतो. म्हणून बाबांनो, उशीखाली, मूर्तीखाली, जमिनीखाली कुठेही चमत्कार निघाला, तर टाळी वाजवण्याआधी विचारा, हे ठेवलं कुणी? नवऱ्याला विचारा, बायकोला विचारा, मोठ्यानं विचारा, मुलांसमोर विचारा. मुलांची काळजी करू नका, ती तुमच्यापेक्षा पुढे आहेत. आणि ज्या सभेत हा प्रश्न विचारायची चोरी असते, तिथून पाकीट घेऊन उठा आणि घरी जा.

तो दात पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी लिबी माझ्या खोलीत आली आणि तिने मूठ उघडली. पाव डॉलरची चार नाणी, चकचकीत.

"वास घेऊन बघा, मिस ब्लँश."

मी नाकाशी नेली. व्हिनेगर नव्हतं. लिंबू होतं.

"देदाला वाटतं, आता मला कळणारच नाही," ती म्हणाली, आणि तारा दाखवत खुदूखुदू हसली.