चारची जागा

वहिनीची गाडी दुपारी निघणार होती, आणि नेमका त्याच सकाळी पाथरवटाच्या छिन्नीखालून चारचा आकडा उडाला.

दगडाच्या पोटात शीर होती. हलकाच ठोका पडला आणि आकड्याच्या जागी बोटभर खड्डा. डावीकडे दोन आणि नऊ, उजवीकडे शून्य, शून्य, एक. ते सगळे शाबूत. पाथरवटाने दगडावर ओलं फडकं टाकलं आणि तो नुसता बसून राहिला.

वहिनीने जन्मभर शाळेत गणित शिकवलं. दोन लाख चौऱ्याण्णव हजार एक ही तिची लाडकी मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणी भागू शकत नाही. पण भलती नाजूक. सहातला कुठलाही एक आकडा बदला, तिला भागणारा कुणीतरी निघतोच. उद्या वहिनीच्या डोक्याचं ऑपरेशन होतं. उठल्यावर आकडे ओळखता येतीलच असं नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून घराच्या दारापाशी हा दगड हवा होता, परतल्यावर बोटांना लागेल असा. पाथरवटाच्या दादाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हा हट्ट बघवत नव्हता. तो कारखान्याबाहेरच उभा राहिला. ती एकटी आत आली.

फडकं तिनेच काढलं. बोट दोनवरून, नऊवरून सरकलं आणि खड्ड्यात अडकलं.  खड्डा गोल करून शून्य करता येईल, पाथरवट कसाबसा म्हणाला.

"तिनाने भाग जातो, भावोजी."

मग आठ? तिने डोळे मिटले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. इतका वेळ तिला पूर्वी कधी लागला नव्हता, हे दोघांनाही कळलं. बाहेर दादाच्या येरझाऱ्या थांबल्या.

"अकराने," ती शेवटी म्हणाली.

नवा दगड घडवायला वेळ नव्हता. पाथरवट मान खाली घालून हातोडी उगाच पुसत राहिला. वहिनीचं बोट खड्ड्यातच फिरत होतं. फिरता फिरता थांबलं.

"इथे काही कोरू नका. चार सोडून कुठलाही आकडा ठेवून बघा, संख्या मोडते. म्हणजे इथे चारच बसतो. एक हरवला, तर उरलेले पाच त्याला हाक मारून आणतात."

"आणि पाचही हरवले तर?"

दादा दारात उभा होता. वहिनीने फळीवरचा खडू उचलून त्याच्या हातात दिला.

"तुम्ही आहात की. शिकून ठेवा. इथे एकेक आकडा ठेवून भागून बघा. एकपासून सुरू करा."

बारापुढचे पाढे ज्याला कधी आले नाहीत, तो दादा वाकला आणि खड्ड्यात एक लिहिला. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. त्याने खडू खिशात टाकला, तिचा दंड धरला.

"वाटेत भागतो. तू फक्त चुकलं की सांग."